बाहुला तळाशी होता

“माझ्यावर? सख्ख्या आईवर बाहुला टाकलास तू?”

“आईवर नाही, खुर्चीवर टाकला.”

“आणि खुर्चीवर कोण होतं, तुझी सासू?”

“सासू असती तर निदान उठून ओरडली असती,” लेक म्हणाली. तिच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. “तू हललीससुद्धा नाहीस.”

पोहण्याच्या तलावावरच्या जीवरक्षकांच्या त्या खोलीत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला दारातच थांबावं लागे. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी, पाइपवर वाळत घातलेले टॉवेल, तलावाकडे बघणारी एक खिडकी, आणि तिची काच बाराही महिने घामेजलेली. आज मधोमध, दोघींच्या पायांशी, बाहुला पडला होता. चार-पाच वर्षांच्या पोराच्या मापाचा, जुन्या निळ्या पोहण्याच्या कपड्यात वाळू भरून शिवलेला, डोक्याच्या जागी घट्ट गाठ. त्याच्या अंगातून निथळणारं पाणी फरशीवरून हळूहळू दाराकडे चाललं होतं.

तो शिवला होता आईनेच. त्याचा नियमही तिचाच. तलावावरच्या कुठल्याही जीवरक्षकाने, कुठल्याही दिवशी, न सांगता बाहुला पाण्यात सोडायचा. सोडणाऱ्याने त्याच क्षणी श्वास रोखायचा. त्याचा श्वास सुटायच्या आत काठावरच्या उंच खुर्चीत राखणीला बसलेल्या माणसाने पाण्यात उडी घेतली पाहिजे. कारण तळाशी जे असेल त्याच्याकडेही तेवढाच श्वास असतो, असं ती नव्या पोरांना सांगायची आणि त्यांचे चेहरे उतरले की समाधानाने मान हलवायची.

“मी श्वास धरला,” लेक म्हणाली, “सुटला. म्हटलं, आज आईची झोप झाली नसेल. परत धरला. परत सुटला. सकाळच्या बॅचचे ते टक्कलवाले आजोबा त्याच्यावरून पोहत गेले, पोहत परत आले. तू त्यांना हात केलास! हसलीस त्यांच्याकडे बघून!”

“माणूस ओळखीचं आहे, हसू नको?”

“आई, त्यांच्या पोटाखाली पोर होतं.”

“वाळू होती.”

“आज वाळू होती.”

दारावर थाप पडली. तिकीट खिडकीवरचा काका मान आत घालून म्हणाला, “ताई, पोरं जमलीत. सोडू का?”

“थांबव जरा,” आई म्हणाली.

“सुट्टीचा पहिला दिवस आहे. फार थांबवलं तर मला गेटसकट उचलून आत आणतील.” खाली पडलेला बाहुला त्याला दिसला. “अरे वा, आज कोणाची विकेट?”

दोघींचे चेहरे बघून काका आल्या पावली परत गेला.

तलावावर आईला शिट्टीबाई म्हणत. वडील इथले पंपवाले होते, त्यामुळे रांगायच्या वयापासून तिच्या नाकात क्लोरीन बसलेलं. वडिलांनी पंपघरामागच्या दोन खोल्यांत संसार मांडला, पुढे त्याच खोल्यांत तिने मांडला, आणि लेकीचा नवरा गेल्यावर तीही आपल्या मुलीला घेऊन तिथेच राहायला आली. खोल्या नोकरीच्या होत्या. नोकरी आहे तोवर खोल्या.

खुर्चीवर बसणारी ती पहिली बाई. सुरुवातीला लोक तिच्याकडे बघून म्हणत, हिलाच वाचवावं लागेल. मग एका रविवारी, भर गर्दीत, हसण्याखिदळण्याच्या कल्लोळात ती कपड्यांनिशी पाण्यात गेली आणि एक मुलगी वर घेऊन आली. मुलीची आई हाताच्या अंतरावर बसून वेणी घालत होती. तिला काही ऐकूच आलं नव्हतं, कारण ऐकण्यासारखं काही झालंच नव्हतं. मुलगी उभ्या अंगाने, तोंड वर करून, गपचूप खाली गेली होती. जिना उतरावा तशी.

तेव्हापासून शिट्टीबाईंनी एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात घालायला घेतली. बुडणारं पोर हाका मारत नाही. हात हलवत नाही. ओरडतंय ते पोर ठीक आहे, गप्प झालंय त्याच्याकडे धावा. फोनमध्ये डोकं घातलेल्या बापासमोर उभी राहून ती विचारायची, “साहेब, हा फोन पाण्यात पडला तर उडी माराल ना? मग तेवढंच लक्ष त्या पोराकडे द्या, तेही तुमचंच आहे.” दंडात फुगे घालून लेकराला उथळ बाजूला सोडून देणाऱ्या आयांना म्हणायची, “फुग्याला आई म्हणायला शिकवलंय का त्याला?” बायका चिडत, कुरकुरत, पण उठून पाण्यात उतरत.

आणि आज बाहुला तळाशी होता.

“कधीपासून?” लेकीने विचारलं. आता आवाज खाली आला होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

“काय कधीपासून?”

“आई.”

शिट्टीबाईंनी खिडकीकडे तोंड केलं. “दुपारचं ऊन पाण्यावर आलं की जरा पत्र्यासारखं होतं. वरचं दिसतं. डोकी दिसतात. खालचं… चमकतं नुसतं.”

“आज सकाळ होती. ऊन कुठे होतं?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं. गेला हिवाळाभर पाण्यावर दूध सांडल्यासारखं दिसत होतं, आणि तिने त्यावर आपला एक उपाय काढला होता. डोळ्यांना जे जमेना ते ती कानांना सांगायला लागली. कोण कुठे पाय मारतंय, कोण काठाला धरून खोकतंय, कोणाच्या उड्या चालल्यात, सगळं तिला नुसतं ऐकून कळे. पाठ फिरवूनही ती नावानिशी ओरडायची, आणि पोरं थक्क व्हायची, बाईंना डोक्यामागे डोळे आहेत म्हणायची. तिला बरं वाटायचं. आज सकाळीही पाणी तिच्या कानात नीट वाजत होतं. आजोबांचे संथ हात, कोपऱ्यातल्या दोन बायकांच्या गप्पा, गाळणीची गुरगुर. सगळं जागच्या जागी. म्हणून तर ती हसली होती.

बाहुल्याने आवाज केला नव्हता.

जी गोष्ट तिने अख्ख्या गावाला घोकून घोकून शिकवली, ती विसरून ती इतके महिने त्या उंच खुर्चीवर कान लावून बसली होती. या महिन्यांत कोण कोण खाली जाऊन नशिबाने आपोआप वर आलं असेल, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

“मोतीबिंदू असेल,” लेक म्हणाली. “साधं ऑपरेशन असतं. साहेबांना सांग, रजा घे.”

“सांगितलं की डोळे तपासायला पाठवतात. त्या कागदावर एकदा लिहून आलं की या वयात परत खुर्चीवर बसवतील मला? आणि मग खोल्या? पोरीला घेऊन कुठे जाशील, सासूकडे?”

लेकीने पाइपवरचा एक टॉवेल ओढून घेतला.

बाहेर पोरांनी गेटचे गज वाजवायला सुरुवात केली होती. आधी एक-दोन हात, मग सगळेच एका तालात.

“सुट्टी संपेपर्यंत,” लेक हळूच म्हणाली. “तेवढं निभावू. मी शेजारच्या छोट्या तलावावर असतेच. तिथून मोठ्याकडेही बघेन. तू उथळ बाजू धर, खोल बाजूला माझी नजर राहील. कोणाला कळायचं नाही.”

शिट्टीबाईंच्या छातीवरचा दगड हलला. दोन तलाव एका माणसाने बघायचे नाहीत, हे तिनेच लेकीला शिट्टी हातात देताना बजावलं होतं. ते तिला आठवलं, आणि तिने ते तसंच ढकलून दिलं. “तुझी नजर चांगली आहे,” ती म्हणाली. “लहानपणापासून.”

“हं.”

“चल मग. पोरीला तयार केलंस? पहिला दिवस म्हणून सकाळपासून नाचत असेल.”

लेक टॉवेलने केस पुसायला लागली. फार जोरात पुसायला लागली. “ती नाही येत पाण्यात आज.”

“का गं? ताप आहे?”

“काठावर बसेल. बाकावर. फ्रॉकमध्येच आणलंय तिला.”

“मी विचारते, का?”

“पोट दुखतंय म्हणून सांगायला सांगितलंय बाकीच्या पोरींना.”

“दुखतंय का तिचं पोट?”

टॉवेल थांबला. गजांचा ताल आता इतका वाढला होता की खिडकीची काच थरथरत होती.

“म्हणजे बाहुला टाकायच्या आधीच तू ठरवलं होतंस,” शिट्टीबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “घरून निघतानाच. तुझी पोर काठावर बसवलीस.” तिने लेकीचा दंड धरला. “आणि आता म्हणतेस, निभावू. दोन्हीकडे तू बघणार, काही होणार नाही. मग तिला पण पाठव की. तुझ्या नजरेवर तुझा भरवसा आहे ना? पाठव तिला. नाहीतर मला सांग, बाहेर गज वाजवताहेत ती कोणाची पोरं आहेत?”

लेकीने आईकडे बघितलं. मग दंड सोडवून घेतला, खिळ्यावरची आपली शिट्टी काढून गळ्यात घातली, बाहुल्याला ओलांडलं आणि ती बाहेर निघून गेली.

शिट्टी गळ्यात घालून लेक काठावर आलेली तिकीटवाल्या काकाने पाहिली, तोच होकार समजला, आणि गेटची कडी काढली.