साखर उपासाले चालते

पोलिसांनी धरून आणलेला माणूस पुढ्यात उभा केला, की वानखडे डॉक्टर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी विचारायचे, "काय जेवला रे आज?" शिपाई गालातल्या गालात हसायचे. पिऊन तर्र झालेल्याची ही कसली विचारपूस! वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स. दारूच्या तपासणीचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. वास, बोलणं, चाल, डोळे असे रकाने. जेवणाचा रकाना नव्हताच.

डॉक्टर अनसिंगकडचे, अंगाने जाडजूड, शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं. शुद्ध तपासायला "आज तारीख काय?" असं ते कोणालाच विचारत नसत. "मलेच कॅलेंडर पाहा लागते," म्हणायचे. त्याऐवजी गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, ते विचारायचे. एकदा एक झिंगलेला गडी उलट म्हणाला, "तुमाले काय घ्याचं हाय बाजारातून?" डॉक्टर पोट धरून हसले आणि अहवालात 'अंमलाखाली' असंच लिहिलं.

एका चतुर्थीच्या दुपारी मेडशीच्या रस्त्यावरून पोलिसांनी एसटीच्या ड्रायव्हरला आणलं. गाडी वेडीवाकडी चालली म्हणून प्रवाशांनीच ओरडा केला होता. "पक्का टाइट हाय, साहेब," हवालदार म्हणाला. वास येत होता, जीभ जड, पाय लटपटत होते. अहवाल विरोधात गेला, की त्याची नोकरी गेलीच. मी सवयीने रकाने भरले आणि खाली 'दारूच्या अंमलाखाली' लिहून मोकळी झाले. सही तेवढी बाकी होती.

"काय जेवला?" डॉक्टरांनी विचारलं.

"उपास हाय... चतुर्थीचा," तो कसाबसा बोलला.

डॉक्टरांनी त्याचा घामाने चिंब झालेला हात धरला. "शुगरची गोयी घेतली काय?"

"सकाऊनच."

"आन् हा वास कायचा?"

"खोकल्याचं आसव... बायकोनं देलं."

"सिस्टर, रक्ताचा नमुना घ्या, पन पहिले साखर पाहा!"

गोळी घेऊन उपाशी राहिल्याने रक्तातली साखर पार तळाला गेली होती. मी घाईघाईने ग्लासभर पाण्यात साखर ढवळली, तर गडी तोंड फिरवतो. "उपास मोडते ना, साहेब!"

"काहून मोडते? साखर उपासाले चालते रे बाप्पा! पी!"

हे त्याला पटलं. थोड्या वेळात तो ताठ बसून आपल्या प्रवाशांची चौकशी करू लागला. डॉक्टरांनी नवा फॉर्म स्वतः लिहिला: अंमल नाही, साखर कमी. माझा फॉर्म त्यांनी फाडला नाही. घडी करून माझ्या हातात दिला. "तुमच्यापाशीच राहू द्या, सिस्टर." त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

डॉक्टरांना देवाघरी जाऊन आता वर्ष झालं. परवा पोलिसांनी एकाला आणलं. नवे डॉक्टर म्हणाले, "हं सिस्टर, लिहा." मी पेन खाली ठेवलं आणि त्या माणसाला विचारलं, "काय जेवला रे दादा आज?"

"मटन," तो झोकांडी खात म्हणाला. "तुमी काहून नाई आल्या?"

मला हसू आलं, आणि वानखडे डॉक्टर आठवून डोळेही भरले. मग पेन उचललं.