पाण्यातल्या घराचा पत्ता

"मॅडम, मुलाखत तुम्हीच घ्यायची. फक्त तो वऱ्हाडाचा सिनेमा तेवढा काढू नका. त्यांना तो विषय आवडत नाही," असं प्राचार्यांनी बजावलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

बारामतीच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. ज्यांची मुलाखत घ्यायची होती ते दिग्दर्शक मूळचे आमच्याच इंदापूर तालुक्यातले, आता मुंबईला स्थायिक झालेले. धरणात गेलेल्या गावावरचा त्यांचा सिनेमा खूप गाजला, परदेशातही दाखवला गेला. त्यात एक बाई पाण्याकडं बघत उभी राहते आणि बराच वेळ काहीच घडत नाही. त्यानंतरचे त्यांचे सिनेमेही तसेच, संथ आणि गंभीर. पण या सगळ्यांच्या आधी, अगदी तरुणपणी, त्यांनी एक विनोदी सिनेमा केला होता. करमाळ्याकडचं एक वऱ्हाड होडीनं उजनीचं पाणी ओलांडून येतं आणि चुकून भलत्याच गावाला लागतं. तिथं दुसऱ्याच कुणाचं लग्न चाललेलं असतं. मंडळी खुशाल पंगतीला बसतात. थिएटरात तो सिनेमा आठवडाभरसुद्धा टिकला नाही. पुढं हातोहाती मोबाईल आले आणि त्याचे तुकडे घरोघर पोचले. आता आमच्या भागातल्या लग्नात त्यातलं वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. सिनेमात वाढपी विचारतो, "पाव्हणं, तुमी मुलाकडचं का मुलीकडचं?" नवरदेवाचा मामा भाताचं आळं करत म्हणतो, "ते जेवल्यावर सांगतो."

माझं म्हणणं असं की त्यांनी केलेल्या सगळ्या सिनेमांत हाच उत्तम आहे. हे म्हणणं मी कुठंही मांडलं की लोक हसतात, आणि मी गंमत करत नाहीये हे कळलं की गप्प होतात. आमच्या घरात तर यावरून कायमचं भांडण. माझे यजमान माळेगावच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. माणूस अभ्यासू, चांगले सिनेमे शोधून बघणारा. त्या आठवड्यात मी पोळ्या लाटता लाटता मुलाखतीचे प्रश्न मोठ्यानं म्हणून बघत होते, तेव्हा ते म्हणाले,

"अगं, फुकट जेवणाऱ्या लोकांची गंमत आहे ती. तिची बरोबरी तू त्या सिनेमाशी करतेस?"

"आणि त्यातला पत्ता सांगणारा म्हातारा?"

"त्याचं काय? हसू येतं. बस."

पोळी करपली. माझं तसंच होत होतं सगळं. वर्गात शिकवताना वाक्य अर्ध्यावर सुटायचं. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जायची आणि तिथंच येरझाऱ्या घालत बसायची.

तो म्हातारा असा. वऱ्हाडातला मामा पाण्याच्या काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला नवरीच्या घराचा पत्ता विचारतो. म्हातारा उठतो, पाण्याकडं तोंड करतो आणि हात लांब करून सांगायला लागतो. "ह्या पारापासनं खाली जावा. तालीम लागंल. तिला वळसा घातला का कोंडवाडा. कोंडवाड्याच्या म्होरं निळ्या दाराचं घर." समोर नुसतं पाणी. मामा मान डोलावत चालू लागतो आणि गुडघाभर पाण्यात गेल्यावर थबकून मागं बघतो. म्हातारा ओरडतो, "आजून खाली, आजून खाली!"

आमचं गाव पळसदेव. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा माझे वडील ऐन पंचविशीत होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. तो मोठा, गाजलेला सिनेमा मी त्यांना हौसेनं दाखवला होता. ती बाई पाण्याकडं बघत उभी राहिल्यावर आबा थोडा वेळ थांबले, मग "हिला काय कामधंदा न्हाय का?" म्हणत उठून गोठ्यात गेले. पण हा पत्त्याचा तुकडा लागला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतात. पुन्हा लाव म्हणतात. पुन्हा हसतात. माझा सगळा वाद त्या हसण्यावर उभा होता.

मुलाखतीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दिग्दर्शक बारीक चणीचे, बोलताना समोरच्याकडं न बघणारे. बालपण, शाळा, मुंबईतले सुरुवातीचे दिवस, सगळं ठरल्याप्रमाणं झालं. ते शांत होते. मीच खुर्चीत सारखी चुळबुळत होते. आणि मग माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"सर, तुमच्या पहिल्या सिनेमातला तो पत्ता सांगणारा म्हातारा..."

मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "जेवल्यावर सांगतो!" सगळं सभागृह खदखदून हसलं. टाळ्या, शिट्ट्या. प्राचार्यांनी कपाळाला हात लावलेला मला पहिल्या रांगेत दिसला.

हसू ओसरल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "तो सिनेमा मी शिकत असताना केला. शिकताना माणूस चुकतो. पुढचा प्रश्न विचारा."

"मला तो तुमचा सगळ्यात चांगला सिनेमा वाटतो," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "मग नंतरची सगळी वर्षं मी काय केलं, मॅडम?"

मी कागद उलटून पुढचा प्रश्न वाचला. मुलाखत कशीबशी संपली. नंतर प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा झाला, पण माझ्याशी कुणी बोलेना. दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला निघणार होते. तो रस्ता पळसदेववरूनच जातो. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, वाटेत माझ्या वडलांना भेटा. पाच मिनिटं. मग मी तुम्हाला पुन्हा कधी त्रास देणार नाही."

प्राचार्य घाईनं म्हणाले, "अहो मॅडम, सरांना वेळ..."

"येतो," दिग्दर्शक म्हणाले. बहुतेक माझी ब्याद टळावी म्हणूनच.

सकाळी मी त्यांच्याच गाडीतून निघाले. भिगवण येईपर्यंत ते फोन चाळत बसले. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडत होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती होती. आता भाऊ बघतो."

"आणि सिनेमे बघतात?"

"एकच बघतात."

थोड्या वेळात पळसदेव आलं.

आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. मी ओळख करून दिली, "आबा, तो वऱ्हाडाचा सिनेमा ह्यांनी केलाय." मला वाटलं होतं ते गडबडतील, हात जोडतील. त्यांनी नुसतं "व्हय का? बसा की, पाव्हणं," म्हणून शेजारी जागा केली आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला. मग ज्यानं तो सिनेमा केला त्यालाच ते सिनेमा सांगू लागले. होडी कशी डुगडुगते, नवरदेवाचा फेटा पाण्यात कसा पडतो, मामा पंगतीत कसा घुसतो. सांगता सांगता म्हाताऱ्यापाशी आले. उठून उभे राहिले, हात लांब केला. पार, तालीम, कोंडवाडा, निळं दार. हसून हसून त्यांना दम लागला.

"आन मंग ती म्हातारी दारातनं म्हनती, आरं नवरदेवाला आत घ्या, ऊन लागंल त्याला!"

मी चपापले. तो सिनेमा मी कितीदा पाहिलाय. त्यात कुणी म्हातारी नाही. निळं दार नाही, घर नाही. नुसतं पाणी आहे.

दिग्दर्शक सावकाश म्हणाले, "आबा, ती म्हातारी माझ्या सिनेमात नाही."

"हाय की," आबा म्हणाले. "तुमी नीट बघा."

दिग्दर्शक हसले नाहीत, वादही घातला नाही. चहा संपवला आणि मला म्हणाले, "पाण्यापर्यंत जाऊ या का जरा?"

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं होतं. लांबवर जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं, कडेला मासेमारांच्या होड्या ओढून ठेवलेल्या. आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत होतो. मला वाटत होतं, आता ते माझं म्हणणं मान्य करतील. कधी एकदा करतील असं झालं होतं.

ते म्हणाले, "तो म्हातारा नट नव्हता. शूटिंग बघायला येऊन बसला होता. ठरलेला नट आला नाही म्हणून मी त्याला म्हटलं, बाबा, पत्ता विचारला की पलीकडं हात करा आणि 'तिकडं' म्हणा. एवढंच. तर तो उठून खरोखरच बुडालेल्या गावातला पत्ता सांगायला लागला. सगळं युनिट हसायला लागलं. मीही हसलो. कॅमेरा चालूच ठेवला. नंतर त्यानं मला विचारलं, 'का हसला तुमी? पत्ता चुकला का माझा?'"

मी थांबले.

"मी एका माणसाला हसलो, मॅडम. आणि सगळ्या महाराष्ट्राला हसायला लावलं. त्यानंतर मी विनोदी सिनेमा केला नाही. जे केलं ते सगळं त्याची भरपाई म्हणून केलं. आणि तुम्ही स्टेजवर मला सांगता, तोच चांगला."

आठवडाभर जुळवलेली माझी सगळी वाक्यं त्या गाळात रुतली. तरी गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणाले, "पण आबा त्या म्हाताऱ्याला हसत नाहीत, सर. पत्ता बरोबर आहे म्हणून हसतात."

ते देवळाच्या शिखराकडं बघत म्हणाले, "हे तुम्हाला वाटतं."

"हो. मला वाटतं. तुमच्या त्या मोठ्या सिनेमात आबांनी कुणाला आणून बसवलं नाही. त्यात जागाच नाही. इथं त्यांनी अख्खं घर उघडलं."

ते मागं वळून घराकडं चालू लागले. गाडीत बसताना आबांना मात्र वाकून नमस्कार केला आणि सोलापूरला निघून गेले. मी एसटीनं बारामतीला परतले. आपण त्यांना पटवलं की दुखावलं, काही उमगत नव्हतं. संध्याकाळी आबांना फोन करून विचारलं, "ती दारातली म्हातारी कोण हो?" तर म्हणाले, "मला काय ठाव? सिनेमातली हाय."

पावसाळ्यानंतर पुण्यात दिग्दर्शकांच्या सगळ्या सिनेमांचा महोत्सव भरला. त्यांनी तो विनोदी सिनेमा अशा महोत्सवात कधीच दाखवू दिला नव्हता, हे मला ठाऊक होतं. कार्यक्रमपत्रिका आली तर पहिल्याच दिवशी दुपारी तो. आबांना चला म्हटलं. "तितं कशाला? मोबाईलमधी हाय की," म्हणाले. मग आम्ही दोघं नवरा-बायको गेलो.

दिग्दर्शकांनी सुरुवातीला दोनच वाक्यं सांगितली. पत्ता सांगणारा माणूस नट नव्हता, आणि तो चेष्टा करत नव्हता. खाली बसताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. सिनेमा सुरू झाला. होडी, फेटा, पंगत, लोक पोट धरून हसत होते. म्हातारा उठून उभा राहिला तेव्हा मी पडद्याकडं बघूच शकले नाही, माणसांची तोंडं बघत राहिले. काही जण हसले. काही हसता हसता थांबले, जणू विचारून घ्यावं, हसायचं की नाही. मला दिग्दर्शकांच्या त्या दोन वाक्यांचा राग आला. ती सांगितली नसती तर सगळे आबांसारखे हसले असते. आणि लगेच वाटलं, नाही, त्यांनी सांगायलाच हवं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या आणि दोन्ही एकदम मनात मावेनात. माझे यजमान मात्र शेजारी मनमुराद हसत होते.

परतताना सुप्याला चहाला थांबलो. ऊन उतरत होतं. यजमान म्हणाले, "आज तो सिनेमा आवडला मला. खरंच. पण मोठा सिनेमा तो दुसराच."

"का?"

"त्यात दिग्दर्शकाला काय म्हणायचंय ते त्याला माहीत आहे. इथं त्याला माहीत नव्हतं, झालं आपोआप."

"म्हणूनच तर!"

"म्हणूनच तर काय?"

मला सांगता येईना. बाकावरचे दोघं-तिघं आमच्याकडं वळून बघायला लागले, इतका माझा आवाज चढला होता. यजमानांनी पैसे दिले, गाडी सुरू केली. मी दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले, होडी काठाला लागते तिथपासून. ते म्हणाले, "अगं, आत्ताच तर पाहिला." मी म्हणाले, "तुम्ही नीट नाही पाहिला," आणि सांगत राहिले.