तिळाएवढी हवा

कारखान्यात तिला सगळे बुडबुडेबाई म्हणत, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सतरा वर्षं ती तपासणीच्या शेवटच्या टेबलावर बसत होती. तिथे यायचे ते अंगठ्याच्या नखाएवढे सेन्सर, दवाखान्यातल्या यंत्रांना लावायचे. किडन्या निकामी झालेल्या माणसाचं रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात सोडतात, त्या परतीच्या नळीला हा सेन्सर चिमट्यासारखा धरून बसतो. एका बाजूनं आवाज सोडतो, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, आणि दुसऱ्या बाजूनं तो ऐकतो. नळी भरलेली असली की आवाज पलीकडे पोचतो. मधे हवेचा बुडबुडा आला की आवाज अडतो, घंटा वाजते, यंत्र थांबतं. बुडबुडा तसाच अंगात गेला तर माणूस बसल्या खुर्चीत जीव सोडू शकतो.

तिच्या टेबलावर पारदर्शक नळीचं एक वेटोळं होतं, त्यात पंपानं पाणी फिरायचं. एकेक सेन्सर नळीवर बसवायचा, बारीक सुईनं आधी तांदळाच्या दाण्याएवढी आणि मग तिळाएवढी हवा आत सोडायची, आणि दोन्ही वेळा लाल दिवा लागतो का बघायचं. लागला तर खोक्यावर तिच्या नंबरचा गोल शिक्का. नाही लागला तर सेन्सर बाद. बाद माल वाढला की वरच्या मजल्यावर तोंडं वाकडी व्हायची, पण तिच्याशी वाद घालायला खाली कुणी येत नसे. एकदा मालकांबरोबर आलेले पाहुणे टेबलाला टेकून उभे राहिले आणि पाणी हललं, तर तिनं त्यांना बाजूला व्हायला सांगून पाणी शांत होईपर्यंत वीस मिनिटं तिष्ठत ठेवलं होतं.

घरीही तीच तऱ्हा. सासरे पाणीपुरवठ्यात फिटर होते, आता अठ्ठ्याहत्तरीचे, एका कानानं ठार बहिरे आणि जिभेनं तिखट. रेडिओ किती मोठा लावायचा इथपासून टॉवेल कुठे वाळत घालायचा इथपर्यंत दोघांचं रोज वाजायचं. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरात दोन तोफा असताना मी रस्त्यावरच बरा, असं तो मित्रांना सांगायचा.

त्या वर्षी सेन्सरच्या कवचासाठी नवा साचा आला आणि महिन्याभरात एका मोठ्या दवाखान्याची तक्रार आली. सेन्सर उगाचच ओरडतो, नळीत काही नसतं तरी घंटा वाजते, नर्स वैतागल्यात. तपासणीचे साहेब खाली आले. गोड बोलणारा माणूस, सगळ्यांना ताई-दादा म्हणायचा. त्यांनी सांगितलं की सेन्सरची संवेदनशीलता थोडी कमी केली आहे, यापुढे तांदूळ पकडला की पास, तिळाचं सोडून द्यायचं.

"तीळ सोडायचा म्हणजे कुणाच्या अंगात सोडायचा?" तिनं विचारलं.

साहेब हसले आणि ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता, म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं भांडी आपटत सगळं ओकून टाकलं. सासरे कानामागे हात धरून ऐकत होते. नेहमीसारखा टोमणा येईल म्हणून ती तयारीतच होती, पण म्हातारा विचारात पडला.

"नळी खाचेत घट्ट बसते का?" त्यांनी विचारलं.

"बसते की. का?"

"नाही, तो आवाज हवेनं अडतो म्हणतेस. मग हवा नळीच्या आतली का बाहेरची, हे त्याला काय कळणार? नळी आणि खाच यांच्यामधे फट राहिली असेल तर तो बोंबलणारच."

ती हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. सतरा वर्षांत हे आपल्या डोक्यात आलं नाही आणि या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या आलं, याचाही तिला राग आलाच.

दुसऱ्या दिवशी तिनं पातळ कागदाची एक पट्टी कापली. जुन्या साच्यातल्या सेन्सरमध्ये नळी बसवली की पट्टी मधे शिरेना. नव्या साच्यातल्यात ती अलगद आत जात होती. खाच केसभर रुंद झाली होती. ती दोन्ही सेन्सर घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी पट्टी स्वतः सरकवून बघितली. बघितली, हे महत्त्वाचं, कारण पुढे ते म्हणाले की मला कुणी काही दाखवलंच नाही. साचा परत पाठवायचा तर तीन महिने काम थांबेल, तोवर संवेदनशीलता कमी ठेवून भागवू, असं त्यांचं म्हणणं.

"मग शिक्का मी मारणार नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिला गोदामात मोजदादीला बसवलं. तिच्या टेबलावर शेजारची चष्मेवाली मुलगी आली, वर्षभरापूर्वी तिनंच हाताला धरून काम शिकवलेली. पहिली खेप तिच्या नजरेआडच दवाखान्यात गेली. चौथ्या दिवशी दुपारी गोदामातून दुसरी खेप बाहेर निघाली आणि खोक्यांवर तिला स्वतःच्या नंबरचा शिक्का दिसला. तिचा शिक्का तर तिच्या पर्समध्ये होता. तिनं तो काढून शेजारी धरला. हुबेहूब तोच, फक्त शाई जरा ताजी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्मेवालीला गाठून तिनं एवढंच विचारलं की हे कुठून आलं. पोरगी रडायला लागली. साहेबांनी करून आणून दिला, दवाखान्याला तुमचाच नंबर ओळखीचा आहे म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, आता कारखाना डोक्यावर घेणार. ती ओरडली नाही. एका खोक्यातून एक सेन्सर काढला, गोदामाच्या वहीत 'एक नग तपासणीसाठी बाहेर नेत आहे' असं लिहून सही केली, आणि भर दुपारी बसनं दवाखाना गाठला.

तक्रार लिहिणाऱ्या मोठ्या सिस्टर रक्त धुण्याच्या वॉर्डात होत्या. आठ खुर्च्या, त्यातल्या पाच भरलेल्या. एक म्हातारे गृहस्थ एका हातानं वर्तमानपत्र सांभाळत होते, एक बाई डोळे मिटून पडली होती. सिस्टरांना वेळ नव्हता आणि उत्साह तर मुळीच नव्हता. नवे सेन्सर बसवल्यापासून घंटा शांत आहेत, तुमच्या साहेबांचे आभार मानलेत मी, असं त्यांनी सांगितलं.

"शांत आहेत कारण त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "पाच मिनिटं द्या."

कोपऱ्यात एक जादा यंत्र होतं. तिनं सेन्सर त्याला जोडला, नळीचा तुकडा पाण्यानं भरला आणि सिरिंजनं तांदळाएवढी हवा सोडली. घंटा वाजली. मग तिळाएवढी सोडली. बुडबुडा दोघींच्या डोळ्यांदेखत सेन्सरमधून सरकत पलीकडे गेला. यंत्र हूं की चूं करेना. सिस्टरांनी सिरिंज तिच्या हातातून घेतली आणि स्वतः करून बघितलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा.

"माझ्या आठही यंत्रांवर हेच आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

पाचही खुर्च्यांपाशी त्यांनी एकेक माणूस उभा केला, नळीवरून नजर हलवायची नाही असं बजावून. पाचही रुग्ण सुखरूप उठल्यावर आठही सेन्सर काढले आणि कपाटातले मागच्या वर्षीचे जुने बसवले. दवाखान्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी कारखान्यात पोचलं आणि सगळा माल परत आला.

चौकशी बसली ती मात्र तिच्यावर. कंपनीची वस्तू बाहेर नेली. वहीतली सही दाखवली तर म्हणाले, परवानगी कुठे आहे. माफीचा कागद लिहून द्या, विषय संपवू, असा निरोप आला.

"माझा शिक्का दुसऱ्यानं मारला, त्याची माफी कोण मागणार?" तिनं विचारलं. त्यावर तिला पाच आठवडे घरी बसवलं.

ते आठवडे वाईट गेले. ती भिंतींशी भांडायची. एक दिवस सासरे सकाळीच कुठेसे निघून गेले. संध्याकाळी कळलं की ते कारखान्याच्या फाटकावर जाऊन साहेबांना बाहेर बोलवा म्हणून बसले होते. साहेब आले नाहीत. म्हातारा रखवालदाराच्या खुर्चीवर दिवसभर ठाण मांडून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला खाचेतली फट समजावून सांगत राहिला. तिनं त्यांना उन्हात बसल्याबद्दल फैलावर घेतलं. त्यांनी तिला, ऐकू येत नाही, म्हणून सांगितलं.

शेवटी दवाखान्यानंच कळवलं की त्या बाईंनी तपासल्याशिवाय माल घेणार नाही. तिला परत बोलावलं. साचा दुरुस्तीला गेला. साहेब विक्री विभागात गेले, बढतीवर, आणि त्यांना निरोपाचा कार्यक्रमही झाला. तिच्यासाठी मालकांनी चार वाक्यं बोलून फुलांचा गुच्छ पुढे केला. तिनं तो घेतला नाही. खोटा शिक्का माझ्यासमोर फोडा, म्हणाली. तो हरवला, असं उत्तर मिळालं. मग माझा नंबर बदला, म्हणाली, आणि नवा नंबर हातात पडेपर्यंत तिनं एका सेन्सरला हात लावला नाही.

दुपारी चष्मेवाली तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मला भीती वाटली होती," ती म्हणाली.

"मलाही वाटली होती," बुडबुडेबाई म्हणाली. "जा, काम कर."

त्यानंतर पंधरा दिवस बुडबुडेबाई तिच्याशी कामापुरतंच बोलली.