मध्यस्थीच्या खोलीतली पुढची खुर्ची

चहा निवण्याआधी सांगून टाकतो. नंतर मला धीर होणार नाही. अड्याळच्या शाळेत मी आयुष्यभर एकच शिस्त लावली: विचारल्याशिवाय बोलू नये. तोच मी भंडाऱ्याच्या न्यायालयात गेलो आणि काय करून आलो, ते ऐका.

माझी भाची कविता आणि तिचा नवरा नितीन, सिहोऱ्याचा, वेगळे होणार होते. भांडून दोघे थकले होते. प्रश्न उरला तो लहानग्या ओवीचा. माझी समजूत अशी की, संसार मोडला म्हणजे लेकरू एका घरचे होते आणि दुसरे दार त्याला बंद. ते आमच्याच दारी यावे, हे मी माझे कर्तव्य मानले.

न्यायाधीशांनी दोघांना मध्यस्थीसाठी पाठवले. आमच्याकडे बैठक सोयरिकीची असो की काडीमोडीची, ज्यांचा संसार ते भिंतीशी बसतात आणि वडीलधारे बोलतात. मी देवपूजा आटोपून, धुतलेली टोपी घालून निघालो. कवितेला गप्प बसण्यास बजावले. तिकडून नितीनचे काका देवरावजी आले. त्यांची टोपी माझ्याहून कडक!

खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या. एक मी घेतली, दुसरी देवरावजींनी. नवरा-बायको मागच्या बाकावर.

मी संस्कारांपासून आरंभ केला.

"म्हंजे आमच्या घरी का रानटी रायतेत, मास्तर?" देवरावजी म्हणाले.

मग दिवाळी निघाली. मग लेकरांचा तान्हा पोळा. ओवीचा लाकडी बैल सिहोऱ्यातच मिरवेल, असे ते म्हणाले. तो बैल मी घडवून घेतला आहे, हे मी टेबलावर हात आपटून सांगितले. देवळात भजनालाही कधी एवढा आवाज चढवला नव्हता!

मध्यस्थ वकीलबाईंनी चष्मा काढला. "एक विचारू का? घटस्फोट तुमचा दोघांचा आहे का?"

मागे कोणी हसले. वळून पाहतो तो नितीन, आणि कविताही! त्यांना एकत्र हसताना मी कितीतरी काळाने पाहिले.

आम्हां दोघांची रवानगी व्हरांड्यात झाली. एकच बाक होता. देवरावजींनी सुपारी पुढे केली. मी खात नाही, तरी घेतली.

दार उघडले तेव्हा बाईंनी सांगितले: ओवी आईजवळ राहील, शाळा तीच राहील. शनिवार-रविवार आणि अर्धी सुटी वडिलांकडे. कायदा आधी लेकराचे हित पाहतो; दार कोणतेच बंद करायचे नसते.

मी मनोमन विठ्ठलाला हात जोडले. तरी सवय जाईना. "आणि तान्हा पोळा?"

"बैल ओवीचा हाय, मामा. तिलेच विचारू," कविता म्हणाली.

"पण सगळ्यात आधी आमचं कायच्यावर एकमत झालं, माहीत हाय का, मामाजी?" नितीनने विचारले. "तुमाले दोघायले बाहेरच बसवाच्यावर."

मी उत्तर द्यायला तोंड उघडले. मग लक्षात आले, देवरावजी केव्हाचे गप्प बसले होते. तेवढी शिस्त त्यांना कोणत्या शाळेत लागली, कोण जाणे. माझ्या नक्कीच नाही.