कम्पोर्ट म्हणजे नीट वागणं

निफाडहून निघालो तेव्हा द्राक्षबागेत छाटणी चालली होती. अण्णा, माझे वडील, हातातली कात्री न ठेवताच रस्त्यापर्यंत आले. "तिकडं नीट वाग. कोणी नाव ठेवलं नाय पायजे," एवढंच म्हणाले. मी हसलो. वागायला काय शिकायचंय, असं वाटलं.

इंग्लंडात, लीड्सच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या डॅनियलची आई वारली. आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेतात, बळंच दोन घास खाऊ घालतात आणि नुसते बसून राहतात. मीही न कळवता डबा घेऊन गेलो आणि त्याच्या सोफ्यावर तासभर बसलो. बिचारा सारखा दाराकडे बघत होता, अन् मी समजलो, दुःखात माणसाला सुचत नाही!

दोन दिवसांनी मॅनेजर बाईंनी बोलावलं. सहकाऱ्यांशी तुम्ही नीट 'कम्पोर्ट' करावं, म्हणाल्या. घरी येऊन अर्थ शोधला. वागणं, पण मर्यादा राखून, चारचौघांत शोभेल असं. बोलताना सहसा कोणी वापरत नाही, कार्यालयी कागदात जास्त. खाली उदाहरण होतं: अंत्यविधीत ती धीराने वागली. मला लाज वाटली आणि संतापही आला. भाकरी नेली तर चुकलं काय? पण नोकरी नवी, व्हिसा तिच्यावर टांगलेला. मुकाट्यानं शिकलो. आता फोन केल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाही. रडणाऱ्याला 'टेक युवर टाइम' म्हणून बाजूला होतो.

यंदा अण्णा गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ओसरी माणसांनी भरलेली. कोणी हात धरतंय, कोणी पाठीवरून हात फिरवतंय. आणि मला, खरं सांगतो, ही माणसं कधी उठतात असं झालं. आत जाऊन दार लोटून घेतलं. मागोमाग आई आली. "लोकं आपल्यासाठी आलेत. परक्यावानी काय बसला?"

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, कसं वागायचं हे जिथं ठरवावं लागत नाही ते घर, असं मी धरून चाललो होतो. बाहेर आलो. शेजारच्या काकूंनी भाकरीचा घास माझ्या तोंडापुढं धरला. "खाय रे बाबा."

"आपण आलात, आभारी आहे," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि घास परत ताटात ठेवला.