उपरण्याची झोळी

माझी धाकटी जाऊ ऊसतोडीच्या फडात विधवा झाली. माघात माझा दीर उसाच्या ट्रॉलीखाली गेला आणि ती दोन पोरांना घेऊन पाथर्डीकडच्या आमच्या गावी परतली. तेव्हापासून तिची पाळी बंद. "धसक्यानं हुतं आसं," सासूबाई म्हणाल्या. शेजारणींनी हो ला हो मिळवलं. मीही मान हलवली. मी सुप्याला राहते, नवरा तिथल्या एमआयडीसीत, मी ब्लाउज शिवते आणि गावी आले की सगळ्यांना शहाणपण शिकवते. पण दुःखानं पाळी जाते यावर आमच्याकडे कुणी शंका घेत नाही. ज्येष्ठात तिचं पोट दिसायला लागलं तेव्हा आमचे डोळे उघडले. दीर जाऊन जितके महिने झाले, जवळजवळ तितक्याच महिन्यांचं ते होतं.

सासूबाई हरखून गेल्या. "माझं लेकरू माघारी येतंय!" त्यांनी ट्रंकेतून दिराचं उपरणं काढलं, धुतलं, उन्हात घातलं. "ह्याचीच झोळी बांधीन. पोरगाच हाय, इचारायचं कामच न्हाई."

धाकटीनं ते वाळणारं उपरणं पाहिलं आणि माझा हात धरून मला हौदामागं नेलं. "आक्का, मला हे ठिवायचं न्हाई."

आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. ती आता अर्धा कोयता. पुढच्या हंगामात माहेरचा भाऊ तिच्या जोडीला येणार होता, तेही ती मोकळी असली तर. पण तिनं एवढंच कारण दिलं नाही. "दोन हायेत त्यांच्याकडं बघायला मला जीव पुरंना. तिसऱ्याला मी कुठून आनू?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

एका शेजारणीनं मेडिकलमधून गोळ्या आणायला सांगितलं. मी तिच्यावर अशी खेकसले की ती चार दिवस आमच्या ओट्यावर फिरकली नाही. एवढ्या दिवसांचं पोट घरात गोळी घेऊन पाडणं म्हणजे जिवाशी खेळ. तालुक्याच्या डॉक्टरनं तपासायच्या आधीच हात झटकले, "उशीर झाला, आता कायद्यात बसत नाही." मग नगर गाठलं. नाव बदललं तरी आमच्या तोंडी नगरच. सासूबाईही एसटीत येऊन बसल्या. "माझा अंगठा लागंल ना? मी देनारच न्हाई," म्हणाल्या आणि साऱ्या वाटेत अंगठा मुठीत दाबून बसल्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली. बावीस आठवडे. मूल पोटात असताना नवरा गेलेल्या बाईला चोवीसपर्यंत कायदा परवानगी देतो, मात्र दोन डॉक्टरांचं मत लागतं. सासूबाईंनी मूठ पुढे केली. "आजी, तुमचा अंगठा लागतच नाही," बाई म्हणाल्या. "सज्ञान बाई आहे. तिची सही पुरे. बाहेर बसा जरा."

खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरचा निर्णय कुणाला न विचारता होणार होता.

पण पुढचं ऐकायला सोपं नव्हतं. बाईंनी काही लपवलं नाही. भरती व्हावं लागेल. औषधानं बाळंतपणासारख्या कळा येतील. रक्त जास्त जाऊ शकतं, कधी पिशवी साफ करावी लागते. मागून छातीत दूधही उतरेल. ठेवायचं असेल तर तपासण्या इथेच होतील, आणि जन्मल्यावर रीतसर दत्तक देण्याचीही वाट आहे. "घाई नाही. आज जा, विचार कर, परवा ये. मी विचारणार फक्त तुलाच."

धाकटी चौथी शिकलेली. चारचौघांत डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. ती म्हणाली, "बाई, जल्माला घालून दुसऱ्याच्या वटीत टाकायची ताकद माझ्यात न्हाई. मी लई इचार केलाय. परवाबी हेच सांगंन." परवा तिनं तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे, आणि सही केली. मी थक्क होऊन बघत राहिले. कुठं ठेवलं होतं हिनं एवढं बळ?

कळा तिनं दात-ओठ खाऊन काढल्या. मी हात धरला होता. जे झालं ते मोठं होतं, एवढंच मला कळलं. पाया पडावं की रडावं ते कळेना.

दवाखान्यात बाहेर बसवलं त्या दिवसापासून सासूबाई कुणाशी बोलल्या नव्हत्या. घरी आलो तर बाज टाकलेली, खाली शेगडीत निखारे, त्यावर ओवा-शेपेचा धूर. मला वाटलं, आता तोंड सुटणार. मी भांडायच्या तयारीतच होते.

"आत्याबाई, हे कुणासाठी?"

"बाळंतीण हाय ती," त्या म्हणाल्या. "बाळ नसलं म्हनून काय झालं."

त्यांनी धाकटीला तेल चोळलं, शेक दिला, डिंकाचे लाडू केले. मग तिला दूध उतरलं. छाती दगडासारखी झाली, पोरगी कण्हायला लागली. मी चिंधी शोधत होते. सासूबाई उठल्या, ट्रंक उघडली आणि दिराचं उपरणं बाहेर काढलं. क्षणभर ते नाकाला लावलं. मग काठाला दात लावून टर्रकन मधोमध फाडलं आणि सुनेची छाती आवळून बांधली.

"लई घट्ट झालं का, पोरी?" त्यांनी विचारलं.