पोटुशीवरच्या खुणा

नदीवरच्या त्या रेल्वेपुलाला कामगार ‘पोटुशी’ म्हणत. एखादा पूल वर कमान काढतो, एखादा सरळ आडवा पडतो. हा मात्र वरूनही फुगलेला आणि खालूनही, गाडी मधून जाते. वरची कमान टोकांना बाहेर ढकलते, खालची आत ओढते, आणि या भांडणातच पूल टिकतो. पुष्कळांचे संसारही असेच टिकतात.

आता जड मालगाड्या सुरू होणार होत्या, म्हणून पोटाला नव्या पट्ट्या बसवायच्या होत्या. पण त्याआधी पत्रे जोडणारे जुने रिव्हेट तपासायला हवेत, आणि ते काम टकटककाकांचं. रिव्हेटच्या एका बाजूला बोट टेकायचं, दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची. सैल असेल तर बोटाला थरथर कळते, घट्ट असेल तर काहीच कळत नाही. सैलावर खडूची फुली, घट्टावर बरोबरची खूण.

हल्ली फुल्या कमी झाल्या होत्या. मुकादम खूश. “जुन्या लोकांनी काम चोख केलंय, काका.”

काका हूं म्हणत. जन्मभर हवेच्या दाबावर धडधडणारी हातोडी धरून बोटं सकाळी पांढरीफटक पडायची. थंडीमुळे असेल, ते मनाला समजवत. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि बोटं गेलेल्या माणसाला तपासणीवर कोण ठेवतो? झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका संध्याकाळी ते दमून घरी आले. बायको अंथरुणावर पडलेली.

“अहो, ताप आहे का बघा जरा.”

काकांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. “नाही गं. गार आहेस.”

नवऱ्याच्या हातावर तिचा भारी विश्वास. आळस झाला असेल म्हणत ती उठली आणि स्वयंपाकाला लागली. पोळी लाटता लाटता ओट्याला धरून खालीच बसली. सून धावली, तिने अंगाला हात लावला.

“बाबा, भाजतंय की अंग! तुम्ही तर पाहिलं होतंत ना?”

काका आपल्या हाताकडे बघत राहिले. बायकोच्या तापाआधी त्यांना पुलावरच्या बरोबरच्या खुणा आठवल्या आणि त्याची त्यांना लाज वाटली.

सकाळी तिचा ताप उतरल्यावर ते पुलावर गेले आणि मुकादमाला म्हणाले, “माझ्या बोटांना काही कळत नाही. थंडी पडल्यापासून बरोबरच्या जितक्या खुणा केल्या, त्या धरू नका.”

मुकादमाने खुणांनी भरलेल्या पोटाकडे पाहिलं. “म्हणजे सगळं पोट परत? माणसं थकलीत हो काका.”

“मीही थकलोय.”

मुकादमाने त्यांच्या हातातली हातोडी घेतली. रागाने नाही, पण घेतली. मग काकांना ओलं फडकं दिलं, आणि ते पोटाखालच्या मचाणावर बसून आपल्याच खुणा एकेक करून पुसू लागले. फडकं वाळलं की नाही, हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागत होतं.